टेकडीच्या पोटातले तेल



रॉकेलचा एक थेंब पाण्याच्या हंड्यात पडला, तर सबंध हंडा ओतून द्यावा लागतो, हे कोणत्याही घरातल्या आईला ठाऊक असते. वास जाता जात नाही. आता अशी कल्पना करा की, तेच तेल जमिनीत मुरले आणि मुरत मुरत गावच्या विहिरीला जाऊन भिडले. हंडा ओतून देता येतो. जमीन कुठे नेऊन ओतणार?

आज तुम्हांला अशाच एका गळतीचा इतिहास सांगावयाचा आहे. तो घडला आपल्यापासून फार लांब, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल की, तिथला दगड आपल्या ओळखीचा आहे, आणि तिथे झालेली चूकही आपल्याला अगदीच परकी नाही.

हवाई बेटे १९५९ साली अमेरिकेचे राज्य झाली. त्यांतल्या ओआहू नावाच्या बेटावर होनोलुलू हे मोठे शहर आहे आणि त्याला लागूनच पर्ल हार्बर हे नाविक बंदर. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी या बंदरावर हल्ला केला, हे शिक्षक मंडळी वर्गात सांगतच असतील. या बंदरापासून काही मैलांवर एक डोंगराची सोंड आहे. तिला इंग्रजीत रेड हिल, म्हणजे तांबडी टेकडी म्हणतात. हवाईच्या मूळ लोकांचे तिचे नाव कापूकाकी. या लोकांच्या भाषेत गोड्या पाण्याला ‘वाई’ म्हणतात, आणि संपत्तीला म्हणतात ‘वाईवाई’. पाणी दोनदा उच्चारले की संपत्ती होते! चहूकडे खारा समुद्र असलेल्या बेटावर असा शब्द तयार व्हावा, यात नवल नाही.

आता त्या टेकडीचा दगड पाहू. आपला सह्याद्री आणि दख्खनच्या पठाराचा मोठा भाग ज्या काळ्या दगडाचा झाला आहे, त्याच जातीचा दगड हवाईत आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. जमिनीतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरले आणि थंड होऊन दगड झाले. आपले थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. हवाईचे त्या मानाने फारच कोवळे. ज्यांनी विहीर खोदली आहे त्यांना या दगडाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. एका ठिकाणी पहार चालत नाही असा अभेद्य पाषाण लागतो, आणि चार हातांवर भेग सापडून झरा फुटतो. दोन शेजाऱ्यांच्या विहिरी पन्नास पावलांवर, पण एकीला बारमाही पाणी आणि दुसरी फाल्गुनातच कोरडी. पाणी या दगडातून सरळ रेषेत चालत नाही. ते भेगांनी, फटींनी, दोन थरांमधल्या पोकळ जागेतून वाट काढते. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिचे काम आहे.

ओआहू बेटावर पडलेला पाऊस या दगडात झिरपतो आणि खोल जाऊन साठतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून ते समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. बेटाच्या पोटात जणू गोड्या पाण्याची एक भली मोठी परात तरंगत असते. होनोलुलूचे लोक पिढ्यान् पिढ्या हेच पाणी पीत आले आहेत.

आणि याच पाण्याच्या डोक्यावर, अवघ्या १०० फुटांवर, अमेरिकेच्या नौदलाने तेलाचा साठा केला.

तसे करण्याला कारण होते. १९४० साली जग महायुद्धात ओढले जात होते. पर्ल हार्बरच्या जहाजांना लागणारे तेल उघड्यावरच्या टाक्यांत होते. शत्रूचे एक विमान आले आणि एक बॉम्ब पडला, तर सारे तेल भडकून जायचे. म्हणून डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे जपानच्या हल्ल्याच्याही एक वर्ष आधी, रेड हिल आतून पोखरण्यास आरंभ झाला. २० टाक्या खोदल्या गेल्या. एकेक टाकी २५० फूट उंच आणि १०० फूट रुंद. आत पाव इंच जाडीच्या पोलादी पत्र्याचे अस्तर आणि त्यामागे काँक्रीट. एका टाकीत १ कोटी २५ लाख गॅलन, म्हणजे पावणेपाच कोटी लिटरांच्या आसपास तेल मावे. हजारो कामगार दिवसरात्र खपले, काहींचे त्यात प्राणही गेले. १९४३ साली काम पुरे झाले. तेल टेकडीवरून आपल्याच वजनाने नळांतून खाली बंदरात उतरे. पंप बंद पडला तरी जहाजे अडून राहत नसत. युद्धात हे सारे गुप्त होते. पुढे १९९५ साली अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने या कामाचा गौरव केला. बांधणाऱ्यांच्या कौशल्याला नावे ठेवायला जागा नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

पण पोलादाला गंज चढतो. जमिनीवरची टाकी गळली तर चिखल होतो, डाग दिसतो, पोरेसुद्धा ओरडून सांगतात. जमिनीखालची टाकी गळली तर वर गवत हिरवेच्या हिरवे राहते. त्या गळतीचा सुगावा लागायचा कसा?

यासाठी चार साक्षीदार असतात. त्यांची ओळख करून घेऊ, कारण या इतिहासाचे सारे मर्म त्यांच्यातच आहे.

पहिला साक्षीदार हिशेबाची वही. टाकीत किती तेल आले, किती गेले आणि किती उरले पाहिजे, हे वहीत असते. प्रत्यक्ष किती उरले, हे माप घेऊन कळते. आपल्याकडच्या पेट्रोल पंपावर लांब पट्टी टाकीत सोडून ‘डिप’ घेतात, तो प्रकार हाच. वही आणि पट्टी यांचे जमले नाही तर तेल कुठे तरी गेले. उन्हाने तेल फुगते, थंडीने आकसते, त्याचा थोडा फरक धरावा लागतो. पण रोज त्याच बाजूला घट येऊ लागली, तर ती उन्हाची करामत नव्हे.

दुसरा साक्षीदार माती. सांडलेले तेल एका जागी राहत नाही. काही मातीच्या कणांना आणि दगडाच्या फटींना चिकटून बसते. काही वाफ होऊन मातीतल्या हवेत मिसळते. उरलेले खाली उतरत पाण्यापर्यंत पोचते. म्हणून टाकीच्या आसपास बोअर घेतात, दर काही फुटांवरची माती किंवा दगड वर काढतात, त्यावर तेलाचा डाग आहे का पाहतात आणि नमुना प्रयोगशाळेकडे धाडतात. कोणत्या खोलीवर किती तेल आहे, हे नकाशावर मांडले की गळतीचा माग लागतो.

तिसरा साक्षीदार मातीतली हवा. जमिनीत बारीक नळ्या पुरून ठेवायच्या आणि त्यांतली हवा अधूनमधून ओढून यंत्राने तपासायची. तेल पाण्याला पोचण्याच्या आधीच त्याची वाफ चुगली करते. चौघांत हा साक्षीदार फार चलाख.

चौथा साक्षीदार विहीर. टाकीच्या चहूबाजूंना निरीक्षण विहिरी घेतात. निदान तीन विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजली, म्हणजे जमिनीखालचे पाणी कोणत्या दिशेला सरकते याचा अंदाज येतो. पाणी जाईल तिकडे तेलाचा अंशही जायचा. मात्र काळ्या दगडात हा अंदाज चुकू शकतो, कारण तिथे पाणी फटींच्या लहरीप्रमाणे चालते. आणि विहिरीची साक्ष सर्वांत उशिराची. विहीर बोलली म्हणजे दुखणे हाडापर्यंत गेले असे समजावे.

शिक्षक मित्रहो, हे मुलांना दाखवता येईल. काचेच्या बरणीत जाड वाळू आणि खडी भरा. निम्म्या उंचीपर्यंत पाणी ओता. मग चमचाभर गोड्या तेलात हळद कालवून ते वरून थेंब थेंब सोडा. थोडे तेल खड्यांना चिकटेल, थोडे पाण्यापर्यंत जाऊन त्यावर पसरेल. आता वरून स्वच्छ पाणी ओता. चिकटलेले तेल सारेच्या सारे धुऊन निघत नाही, हे मुलांच्या डोळ्यांनाच दिसेल. रॉकेल मात्र यासाठी वापरू नका.

अमेरिकेत या चार साक्षीदारांना कायद्याचे बळ मिळाले ते १९८४ साली. पेट्रोल पंपांखाली साध्या पोलादाच्या टाक्या पुरण्याची चाल तिथे अनेक वर्षे होती. त्या गंजल्या, आणि जागोजाग घरच्या विहिरींना पेट्रोलचा वास येऊ लागला. तेव्हा कायदा झाला. १९८८ साली नियम आले: टाकीची गळती तपासत राहा, गंजाला आवर घाला, जुन्या टाक्या १९९८ च्या डिसेंबरापर्यंत सुधारा, नाही तर बदला अथवा बंद करा. त्या देशात आजवर पाच लाखांहून अधिक टाक्यांच्या गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. परंतु यात एक पळवाट राहिली. जागेवरच बांधलेल्या प्रचंड टाक्यांना गळती-तपासणीची अट लगेच लागू केली नाही. ती पुढे ढकलली. ढकलता ढकलता २०१५ साल उजाडले. पंपवाल्याच्या लहान टाकीला नियम आधी लागला, आणि टेकडीएवढ्या टाक्यांना पाव शतकानंतर. रेड हिल या मोठ्या टाक्यांपैकीच एक.

या अवधीत साक्षीदार गप्प बसले होते असे मात्र नाही. १९९० नंतरच्या काळात रेड हिलच्या टाक्यांखाली तिरपे बोअर घेण्यात आले, तेव्हा बहुतेक टाक्यांखालच्या दगडावर तेलाचे डाग सापडले. पुढे टाक्यांखाली हवा तपासण्याच्या नळ्याही बसवल्या. जानेवारी २०१४ मध्ये ५ नंबरच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन, म्हणजे एक लाख लिटरांच्या वर विमानाचे इंधन गळले. ही टाकी नुकतीच दुरुस्त होऊन आली होती! दुरुस्तीतले जोडकाम सदोष होते आणि ते नीट तपासलेले नव्हते. त्या वेळी टाकीखालच्या हवेतील वाफेचे प्रमाण एकदम चढले. तिसऱ्या साक्षीदाराने आपले काम चोख केले. मग २०१५ मध्ये नौदल, पर्यावरण खाते आणि हवाईचे आरोग्य खाते यांच्यात सुधारणांचा करार झाला. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे म्हणणे एकच होते: पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावरून हे तेल हलवा. पण अभ्यास होत राहिले, बैठका होत राहिल्या, आणि तेल जिथल्या तिथे राहिले.

आता २०२१ सालाकडे येऊ.

६ मे २०२१ रोजी टेकडीच्या बोगद्यात तेल एका टाकीतून दुसरीकडे नेताना नळात एकाएकी दाब चढला आणि नळाचे सांधे उखडले. तेल बोगद्यात सांडले. बाहेर सांगण्यात आले ते असे की, दीडएक हजार गॅलन सांडले आणि जवळजवळ सारे भरून घेतले. परंतु त्याच दिवशीच्या टाक्यांच्या मापात सुमारे २० हजार गॅलनांची घट दिसत होती. दीड हजार कुठे आणि वीस हजार कुठे! पहिला साक्षीदार, म्हणजे हिशेबाची वही, स्पष्ट बोलत होती. पण ते तेल नळांतच कुठे तरी असेल, असे मानून मंडळी स्वस्थ राहिली.

तेल गेले होते ते आग विझवण्याच्या व्यवस्थेच्या एका नळात. सांडलेले द्रव ओढून घेणारा पंप त्या नळाला जोडलेला होता; त्याने तेलही ओढले. हा नळ पोलादाचा नव्हता, प्लॅस्टिकचा होता. तेलाच्या भाराने तो लोंबू लागला. सहा महिने तो तसाच लोंबत राहिला. या सहा महिन्यांत कोणी वही पुन्हा उघडून शांतपणे विचारले असते की, बाबांनो, हे वीस हजार गॅलन गेले कुठे, तर पुढचा अनर्थ टळला असता.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी बोगद्यातल्या छोट्या आगगाडीचा डबा त्या लोंबणाऱ्या नळाच्या झडपेला लागला. नळ फुटला. सुमारे ३४ तास तेल वाहत होते. आणि ती जागा कोणती? रेड हिलमध्ये नौदलाची पाणी उपसण्याची विहीर आहे. तिच्या अगदी जवळची. तेल जमिनीत मुरले आणि विहिरीत उतरले. ही विहीर ज्या योजनेला पाणी पुरवी, तिच्यावर सुमारे ९३ हजार माणसे अवलंबून होती. सैनिकांची कुटुंबे, शाळा, बालवाड्या, सारी त्यात आली.

पुढे आठवडाभरात घराघरांतून तक्रारी सुरू झाल्या. नळाच्या पाण्याला तेलाचा वास येतो. पाण्यावर तवंग दिसतो. डोके दुखते, उलट्या होतात, अंगावर चट्टे उठतात, मुलांच्या पोटात दुखते. आरंभी अधिकाऱ्यांनी सांगितले की, पाणी असुरक्षित असल्याची काही खूण नाही. आयांच्या नाकाला कळत होते ते कागदाला कळायला वेळ लागला. २८ नोव्हेंबरला विहिरीचा पंप बंद झाला. नमुने तपासले गेले. त्या विहिरीच्या एका नमुन्यात डिझेलच्या जातीची द्रव्ये आरोग्य खात्याने ठरवलेल्या मर्यादेच्या ३५० पट निघाली. हजारो कुटुंबे घरे सोडून हॉटेलांत राहायला गेली, आणि कित्येक आठवडे त्यांचे पाणी बाटल्यांतून आणि टँकरांतून आले. डिसेंबराच्या आरंभी होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने जवळची आपली हालावा विहीरही खबरदारी म्हणून बंद केली. तेल दगडातल्या कोणत्या फटीने कोणत्या बाजूला सरकेल याची खात्री कोण देणार? नौदलाने भूजलाच्या वाटेचे जे गणित मांडले होते, ते तपासणी करणाऱ्या खात्यांना पटले नाही. काळ्या दगडाचा तोच स्वभाव आडवा आला.

७ मार्च २०२२ रोजी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी रेड हिलचा तेलसाठा कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी नौदलाच्या स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हा प्रसंग टाळता येण्याजोगा होता आणि माणसांच्या चुका त्याला कारण झाल्या, असे त्यात नमूद आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात टाक्या रिकाम्या करण्यास सुरुवात झाली, आणि २०२४ च्या वसंत ऋतूपर्यंत १० कोटी गॅलनांहून अधिक तेल जहाजांतून हलवले गेले. दगडात मुरलेले तेल मात्र जहाजात घालून नेता येत नाही. त्याचा माग काढण्याचे काम अजून चालायचे आहे: नव्या निरीक्षण विहिरी, मातीतल्या हवेचे नमुने, पाण्याचे नमुने. जमिनीतले सूक्ष्म जीव असे तेल थोडे थोडे खातात, पण ते त्यांच्या सवडीने, आपल्या घाईने नव्हे. ज्या तेलाला फुटलेल्या नळातून वाहायला ३४ तास लागले, त्याचा शोध वर्षानुवर्षे घ्यावा लागत आहे.

मंडळी, या इतिहासावरून आपण काय घ्यायचे? रेड हिलला यंत्रे कमी नव्हती, शिकलेली माणसे कमी नव्हती, पैशाची वाण नव्हती. वहीने सांगितले, दगडाने सांगितले, हवेने सांगितले. ऐकून लगेच हात हलवणारा कोणी नव्हता. शेवटी विहिरीने सांगितले, तेव्हा तेल मुलांच्या पेल्यात आले होते. जमिनीखालच्या गळतीचा शोध यंत्राने लागतो हे खरे. पण तो लागतो ‘घट का आली?’ या साध्या प्रश्नापासून. जो हा प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाही, तोच विहिरीचा खरा राखणदार.

आपल्या गावांना हे लागू आहे. रस्त्यांवर पंप वाढले, घरोघर मोटारी आल्या, शेतावर डिझेलची पिंपे आली. दगड आपलाही तोच, फटींचा. तेव्हा डिझेलचे पिंप विहिरीच्या काठी ठेवू नये. पिंपाखाली पत्र्याची तसराळी असावी. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला तेलाचा वास आला, इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला, तर ते पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला घेऊ नये, गुरांनाही दाखवू नये. उकळून ते शुद्ध होत नाही. उलट त्याची वाफ घरात पसरते. अशा विहिरीत कंदील किंवा पेटती काडी घेऊन मुळीच वाकू नये, वाफेचा भडका होतो. स्वच्छ बाटलीत नमुना भरून बूच घट्ट लावा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि ग्रामपंचायतीला व तहसील कचेरीला लेखी कळवा. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. पाण्याची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरा. ‘तसे काही नसेल’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा की, तपासून सांगता की तपासल्यावाचून?

आणि शिक्षक मित्रहो, वर्गात पर्ल हार्बरचा धडा आला म्हणजे हा पुढचा भागही मुलांना जरूर सांगा. १९४१ साली शत्रूने आकाशातून टाकलेले बॉम्ब पर्ल हार्बरच्या तेलसाठ्याला लागले नाहीत. ऐंशी वर्षांनी त्याच बंदराच्या माणसांचे पाणी नासले ते आपल्याच टेकडीतल्या, आपल्याच वहीत घट म्हणून लिहिलेल्या तेलाने.